झाकणावर लिहिलंय 'मंद'

मी बोलतोय तो या करंगळीएवढ्या प्लास्टिकच्या नळीतून. नळी बर्फाच्या ट्रेमध्ये उभी आहे आणि ट्रेपाशी दोघीजणी माझं काय करायचं यावर बोलताहेत. ठेवायचं की टाकायचं. प्रयोगशाळेतला मोठा फ्रीजर बंद पडलाय, दुसऱ्यात जागा अपुरी, म्हणून सकाळपासून निवडानिवड चाललीय. तेव्हा मला जे सांगायचंय ते पटपट सांगायला हवं. तसाही मी स्वस्थ बसणाऱ्यांतला नाही.

दोघींपैकी एक मावशी. काचेची भांडी धुणारी, आणि काम झालं की आमच्यासारख्यांना ब्लीचमध्ये बुडवून निकालात काढणारी. दुसरी नुकतीच कामाला लागलेली संशोधक, तिला सगळे 'नवी' म्हणतात. नवीच्या हातात एक कागद आहे. कागदावर एक लांबलचक नंबर आहे, आणि त्या नंबरची नळी तिला आज काहीही करून हवीय. इथून दुसरीकडे गेलेल्या ताईने ती मागवलीय. ताईकडची नळी प्रवासात वितळून मेली, आता जगात उरली असेल तर इथलीच एक. सगळे खोके उपसून झाले, पण नंबर काही सापडत नाही.

कसा सापडणार? तो नंबर माझ्याच अंगावर होता. तीन वर्षांच्या बर्फाने आणि कुणाच्या तरी स्पिरिटच्या बोटांनी तो पुसून टाकला. झाकणावर उरलाय एकच शब्द, 'मंद'. आणि ज्याला शोधायला सगळी शोधाशोध चाललीय त्या मलाच नवी आत्ता टाकायच्या ढिगात ठेवते आहे.

मी ओरडतोय, पण जिवाणूचं ओरडणं कोण ऐकतंय. निदान तुम्ही तरी ऐका.

हो, मी एक जिवाणू आहे. नाक मुरडू नका. माझे लांबचे नातेवाईक तुमच्याच पोटात बिनभाड्याने राहतात आणि तुम्ही त्यांना दोन्ही वेळ जेवू घालता. आमची शाखा मात्र प्रयोगशाळेतली. आमच्या खापरपणज्यांनीसुद्धा कुणाचं पोट पाहिलेलं नाही. काचेत जन्म, काचेत संसार, काचेतच शेवट.

माझा जन्म कधीचा असं विचाराल तर पंचाईत होईल. आई मधोमध आक्रसली, एकीचे दोन झाले, त्यातला एक मी. दुसरा कोण? तोही मीच म्हणायचा. आई कुठे गेली? ती आम्हा दोघांत अर्धी अर्धी वाटली गेली. त्यामुळे आमच्यात पोरकं कुणी होत नाही आणि 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणायला म्हातारंही कुणी उरत नाही. वीस मिनिटांत एकाचे दोन, चाळीस मिनिटांत चार. तुमचा गरम चहा निवून तुम्ही तो पुन्हा गरम करून प्यावा, तेवढ्यात आमचं घर भरतं. स्वस्थता म्हणजे काय ते आम्हाला माहीत नाही. जो थांबला तो संपला, अशीच आमच्याकडची समजूत.

आता माझ्या अंगाबद्दल सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच झाला. मी म्हणजे पाण्याचा एक थेंब आणि त्याभोवती तेलकट, पातळ पटल. पटल फाटलं की खेळ खलास. पण नुसतं तेलाचं बंद पाकीट असून भागत नाही. खाणं आत यायला हवं, घाण बाहेर जायला हवी, बाहेर काय चाललंय त्याची चाहूल लागायला हवी. त्यासाठी पटलात प्रथिनं बसवावी लागतात. कुणी खिडकीचं काम करतं, कुणी पंपाचं, कुणी कान लावून बसतं.

हे बसवणं म्हणजे खिळा ठोकण्याइतकं सोपं नाही. प्रथिन विणणारे कारखाने, रायबोसोम म्हणतात त्यांना, ते माझ्या आत पाण्यात. चिठ्ठी वाचायची आणि तीत लिहिल्याप्रमाणे धागा विणायचा, हे त्यांचं काम. पण पटलात जाणारा धागा असतो तेलकट स्वभावाचा. पाणी त्याला बघवत नाही. त्याला पाण्यात मोकळा सोडला की तो स्वतःत गुंततो, शेजाऱ्यांत गुंततो, आणि त्याचा असा गोळा होतो की पुन्हा कुणाच्या बापाला सुटत नाही.

म्हणून आमच्याकडे एक वाटाड्या असतो. रायबोसोममधून तेलकट धाग्याचं टोक डोकावलं रे डोकावलं, की तो ते टोक झाकून धरतो. "जरा दमानं घे," असं विणणाऱ्याला सांगतो, आणि धाग्यासकट अख्खा कारखाना पटलातल्या दारापाशी नेऊन पोचवतो. मग विणता विणताच धागा दारात शिरतो. दाराची गंमत अशी की ते समोरून उघडतंच, पण कडेनेही उघडतं. तेलकट तुकडा आला की दार बाजूने किलकिलं होतं आणि तुकडा अलगद पटलाच्या तेलात सरकतो. तिथे एक सुईण बसलेली असते. ती नव्या आलेल्याला धरून ठेवते, त्याची घडी नीट बसेपर्यंत सोडत नाही. जो वाकडातिकडा अडकला त्याला भंगारवाला फोडून नेतो. कधी कधी तो अडकलेल्याबरोबर दारही फोडतो, त्याला कोण काय बोलणार.

आता लक्षात ठेवा, सगळी गोम इथेच आहे: दारं मोजकी. माझी स्वतःची खिडकी असो नाहीतर कुणा परक्याचा पंप, जायचं त्याच दारांतून.

परक्याचा पंप कुठून आला? ताईकडून. ताई म्हणजे इथली संशोधक, तेव्हा तिशीला टेकलेली. वयाने मोठे असोत की लहान, सगळे तिला ताईच म्हणत, मीही म्हणतो. बसली की पाय हलवायची. उभी असली की पेनाचं झाकण उघडायची, लावायची, उघडायची. आमचा फ्लास्क शेकरवर गरगरत असताना दर दहा मिनिटांनी येऊन काचेला डोळा लावायची. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. आपल्यासारखंच कुणीतरी आहे असं वाटलं.

तिला हवा होता एका दुसऱ्या, रोग करणाऱ्या जिवाणूचा पंप. तो नग असा की डॉक्टरांनी दिलेलं औषध आत आलं की लगेच बाहेर फेकतो. त्या पंपाचा आकार कळला तर त्याला अडवायचं कसं हे शोधता येईल, असं तिचं म्हणणं. आकार कळायला पंप हवा भरपूर, आणि रोगाच्या जिवाणूत तो असतो चिमूटभर. म्हणून तिने पंपाची चिठ्ठी आमच्या पोटात सरकवली. जोडीला आमच्यात एक कारकूनही होता, एका विषाणूकडून उसना आणलेला. त्याचं एकच काम, त्या चिठ्ठीच्या नकला काढत सुटणं. एका बाटलीत त्याला जागं करायचं औषध असायचं. औषध पडलं की तो पठ्ठ्या जो सुटायचा तो कुणाला आवरायचा नाही.

आठ महिने झाले तरी ताईला पंप मिळत नव्हता. फोडलेल्या जिवाणूंतली प्रथिनं जेल नावाच्या थलथलीत वडीतून पळवली की प्रत्येकाची वेगळी पट्टी उमटते, त्यात पंपाची पट्टी काही उमटत नव्हती. शेवटी एका सोमवारी सर आले. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, उंच, हळू बोलणारे, आणि वाईट बातमी आणखी हळू सांगणारे.

"शुक्रवारी चार वाजता बैठक आहे," ते म्हणाले. "तोवर जेलवर पंपाची पट्टी दिसली तर काम पुढे चालू. नाही दिसली तर हा विषय आपण बंद करू. तुला दुसरं काम देतो, उगाच कुढत बसू नकोस."

"सर, अजून एक महिना..."

"आठ झाले, ताई. औषध किती टाकतेस?"

"ठरलेलं तेवढंच."

"मग वाढवून बघ. जास्त टाकलंस तर जास्त मिळेल."

सर गेले. ताई त्या बाटलीकडे बघत राहिली. तिचा पाय थांबला होता, आणि मला ते काही बरं लक्षण वाटेना. मग तिने नेहमीच्या दहापट औषध ओढून घेतलं आणि आमच्या फ्लास्कमध्ये सोडलं. वर शेकरची उष्णताही पुरेपूर ठेवली, सगळं लवकर व्हावं म्हणून.

शेजारच्या भावंडांत कारकून पिसाटल्यासारखे सुटले. चिठ्ठ्यांचा नुसता पाऊस. सगळे रायबोसोम तोच एक पंप विणायला लागले. वाटाड्यांची त्रेधा उडाली, एकाला दारापाशी पोचवावं तर मागे पन्नास टोकं उघडी. दारांपुढे रेटारेटी. एक धागा अर्धा आत, त्यावर दुसरा चढलेला, तिसरा पाण्यातच गोळा होऊन पडलेला. भंगारवाल्याने अडकलेले धागे फोडले, धाग्यांबरोबर दारं फोडली, आणि उरलेल्या दारांवर गर्दी आणखी वाढली.

आणि घरच्या गोष्टी? त्या जाणार कुठून? भावंडांना नवी खिडकी बसवायची होती, जुना पंप बदलायचा होता, पण दारात परक्यांची झुंबड. उपाशी राहिली बिचारी, पटलं खिळखिळी झाली, आणि एकेक करून फुटली. काम करत करत मेली, कामचुकारपणा करून नाही. माझ्या चारी बाजूंना त्यांच्या आतलं पाणी सांडलेलं होतं आणि मी त्यातच वळवळत होतो.

मी कसा वाचलो? माझी हुशारी शून्य. काही पिढ्यांमागे नकल उतरवताना कुठेतरी बारीकशी गफलत झाली होती आणि माझ्यातल्या कारकुनाला मोकळं सोडणाऱ्या तोटीचा वायसर जरा घट्ट बसला होता. औषध पडल्यावर माझाही कारकून उठला, पण आळोखेपिळोखे देत. एक चिठ्ठी काढली. थांबला. दुसरी काढली. पंपाचा एक धागा दारात जायचा, कडेला सरकायचा, सुईण त्याला बसवायची. मग त्याच दारातून माझी स्वतःची एखादी खिडकी जायची. मग पुन्हा पंप. मला तर तेव्हा स्वतःचीच लाज वाटत होती. भावंडं एवढी राबताहेत आणि आपण असे रेंगाळतोय, असं वाटायचं. जिवाणूच्या जातीत रेंगाळणाऱ्याला काही किंमत नसते.

संध्याकाळी ताईने फ्लास्क उचलला. सकाळचं दुधाळ पाणी पातळ झालं होतं, वर फेस, तळाला तारा सुटलेल्या. तिने कपाळाला हात लावला आणि मला धुण्याच्या खोलीत नेऊन ठेवलं.

"मावशी, हा टाकून द्या. मेले सगळे."

"ठेव तिथे फळीवर," मावशी म्हणाली. "उद्या टाकते."

"आत्ताच टाका ना. कशाला ठेवायचंय मढं?"

"एक दिवस राहील. माझी पद्धत माहितेय तुला."

मावशीची पद्धत सगळ्यांना माहीत होती. तिथे लागल्यावर पहिल्याच वर्षी कुणीतरी टाकायला दिलेल्या फ्लास्कमध्ये तिने लगेच ब्लीच ओतलं होतं. दहा मिनिटांनी तो माणूस धापा टाकत आला, की चुकून भलताच फ्लास्क दिला. वर्षाचं काम गेलं त्याचं. मावशीला कुणी बोललं नाही, पण तो तिथल्या पायरीवर बसून रडला ते तिने पाहिलं होतं. तेव्हापासून टाकायला आलेली वस्तू एक दिवस फळीवर राहते. लोक कुरकुरतात, सरांनीही दोनदा सांगून पाहिलं. मावशी मान डोलावते आणि फ्लास्क फळीवर ठेवते.

तो एक दिवस मला मिळाला. फळीवर ना हलवणं, ना गरमी, पण खाणं शिल्लक होतं, आणि मेलेल्यांनी सोडलेलंही होतं. वाईट वाटतं सांगायला, पण मी ते खाल्लं. माझ्यासारखे आणखी थोडे होते कुठे कुठे. आम्ही वाढलो.

दुसऱ्या दिवशी मावशीने ब्लीचचा कॅन उचलला, फ्लास्ककडे पाहिलं आणि कॅन खाली ठेवला. "ताई, इकडे ये जरा," तिने हाक मारली. "तुझं मढं उठून बसलंय."

ताईने पाहिलं. पाणी पुन्हा दुधाळ. पण तिचा चेहरा काही उजळला नाही. "बाहेरचं काहीतरी शिरलं असेल मावशी. उघडाच होता ना रात्रभर. ओता ब्लीच."

"वास घे आधी."

"असा वास घ्यायचा नसतो."

"तू नको घेऊ, मी घेते. बावीस वर्षं घेतेय." मावशीने नाक लांबूनच फिरवलं. "बाहेरचं नाही. वास आपल्याच पोरांचा आहे."

ताई हसली, आठ महिन्यांत बहुधा पहिल्यांदा. फ्लास्क परत घेऊन गेली. आम्हाला तिने प्लेटवर पसरलं, कारकुनाला जागं करणारं औषध घातलेल्या प्लेटवर, म्हणजे जे पंप विणूनही जगतात तेच तिथे दिसावेत. बुधवारी प्लेट उघडली तर ठिपके आलेले, एकेक ठिपका म्हणजे एकेकाचं वाढून भरलेलं घर. काही चांगले टपोरे, गुबगुबीत. आणि मध्ये मध्ये सुईच्या टोकाएवढे बारीक. त्या बारक्यांत मी.

इथे ताईने तेच केलं जे या धंद्यातलं कुणीही करतं. काडी घेतली आणि सगळ्यांत टपोरा ठिपका उचलला. टपोरा म्हणजे तब्येतीचा, तब्येतीचा म्हणजे कामाचा, असं त्यांच्या हातालाच शिकवलेलं असतं. मी प्लेटवरून बघत होतो आणि चडफडत होतो, कारण ते टपोरे कोण होते ते मला चांगलं ठाऊक होतं. त्यांच्यातला कारकून साफ मेला होता. चिठ्ठी खिशात होती, पण वाचायची नाही अशी शपथ घेतलेली. पंप विणायचा नाही, दारं मोकळी, खा आणि फुगा.

गुरुवारी सकाळी ताईने त्यांचं जेल काढलं. पंपाच्या जागी स्वच्छ पांढरं. एक पट्टी नाही, पट्टीची सावलीसुद्धा नाही.

ती प्लेट घेऊन धुण्याच्या खोलीत आली आणि उलट्या बादलीवर बसली. प्लेट मांडीवर. पाय पुन्हा हलायला लागला होता, त्याबरोबर प्लेटही आणि प्लेटवर मीही.

"उद्या चारला विषय बंद," ती म्हणाली. "आईला काय सांगू तेच कळत नाही. ती म्हणते, एवढं काय करतेस ते एकदा दाखव तरी. दाखवायला काहीतरी नको का?"

मावशी बाटल्या पुसत होती. पुसता पुसता तिने प्लेटमध्ये डोकावलं. "ही बारकी बारकी पोरं कोण?"

"ती अशीच. नीट वाढत नाहीत."

"का वाढत नाहीत?"

"काय माहीत."

"मग कामात असतील," मावशी म्हणाली आणि पुढची बाटली घेतली.

तिने ते अगदी सहज म्हटलं. पण ताईचा पाय थांबला, आणि या वेळी मला भीती वाटली नाही. तिने प्लेट उजेडाकडे धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. मग उठून गेली, काडीने सगळ्यांत बारका ठिपका उचलला आणि नव्या पाण्यात सोडला. तो मी होतो.

त्या दुपारी तिने जे केलं ते तिच्या स्वभावात अजिबात बसणारं नव्हतं. शेकरची उष्णता कमी केली. औषध थेंबाथेंबाने मोजून, नेहमीच्या मापाच्याही दहाव्या भागाएवढं टाकलं. काचेला डोळा लावायला एकदाही आली नाही. सहा वाजले तशी पिशवी उचलली आणि घरी गेली. मी थक्क झालो.

आणि मी काम केलं. माझ्या पद्धतीने केलं. एक धागा दारात, कडेला, तेलात. सुईणीचा हात सुटेपर्यंत दुसरा नाही. कारकून मध्ये मध्ये उसासे टाकत होता, टाकू दे. आतून मला सारखं वाटायचं, उचल, घाई कर, वेळ चाललाय. ती आमच्या रक्तातली खोड, मला रक्त नसलं तरी. ती खोड दाबून धरणं हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यांत अवघड काम. सकाळपर्यंत माझ्या आणि माझ्या लाखो जुळ्यांच्या पटलात तो परका पंप रांगेने बसलेला होता. घरच्या खिडक्याही शाबूत होत्या.

शुक्रवारी ताईने आमच्यातले बहुतेक फोडले. हो, फोडले. पटलं वेगळी काढायला तोच एक मार्ग आहे. वाईट वाटून घेऊ नका, मी नाही घेतलं. एक घोटभर तिने बाजूला काढून ठेवला होता, मी त्यात होतो. साडेतीन वाजता जेलवर पंपाच्या जागी निळी पट्टी आली. ठळक, जाड, लहान मुलानेही बोट ठेवावं अशी. ताई ते जेल तसंच ओल्या ट्रेमध्ये घेऊन धुण्याच्या खोलीत गेली, मावशीला दाखवलं, आणि तिथल्या पायरीवर बसून रडली. मावशीने हात पुसले आणि म्हणाली, "ऊठ, चार वाजलेत."

बैठकीत काय झालं ते मी पाहिलं नाही. पण सर नंतर आले आणि त्यांनी विचारलं, "औषध किती टाकलं होतंस?"

"नेहमीच्या दहावा भाग, सर."

सरांनी तो आकडा वहीत टिपला. "बरं," म्हणाले आणि गेले. काम पुढे चालू राहिलं.

त्याच दिवशी ताईने मला ग्लिसरीनमध्ये घालून या नळीत भरलं. नळीच्या अंगावर रीतसर नंबर लिहिला. मग झाकणावर, लाडाने, 'मंद' लिहिलं. "जा आता, झोप," म्हणाली आणि उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवून दिलं.

झोप कसली? गोठणं म्हणजे झोपही नाही आणि मरणही नाही. त्या क्षणी माझ्या एका रायबोसोममध्ये एक धागा विणला जात होता. टोक बाहेर आलेलं, वाटाड्याने झाकून धरलेलं, दारापर्यंत पोचलेलं, अर्धा तुकडा दारात. आणि सगळं जागच्या जागी थिजलं. तीन वर्षं तो धागा तसाच अर्धा आहे. वीस मिनिटंसुद्धा एका जागी न बसलेल्या माझ्यासारख्यावर याहून मोठी शिक्षा नसेल. मला धागा पुरा करायचाय, एवढंच तीन वर्षं माझ्या मनात आहे.

आणि आता ही नवी मला ढिगात टाकते आहे.

"ही पण टाका मावशी," ती म्हणतेय. "नंबर नाही, तारीख नाही. नुसतं 'मंद'. वाढत नसणार नीट."

मावशी नळी उचलून डोळ्यांजवळ धरते. तिचा चष्मा आता जाड झालाय. "टाकायच्या नळीला कुणी लाडाने नाव ठेवत नाही गं."

"सरांनी सांगितलंय, नंबर नसेल ते सगळं टाका. आणि फ्रीजरमध्ये जागाच नाहीये."

"नको ठेवूस फ्रीजरमध्ये. थेंबभर खाण्यात टाक, राहील फळीवर एक दिवस. उद्या प्लेटवर पसर, बघू कसली पोरं आहेत."

"मावशी, मला त्या ताईंची नळी शोधायचीय. कुठल्या तरी बेवारशी नळीत दिवस घालवू?"

"तुझा कशाला? दिवस फळीचा जाईल."

नवी सुस्कारा टाकते. मग झाकण फिरवते, काडी आत घालते, आणि मला उचलून कोमट खाण्याच्या बाटलीत सोडते. "सकाळपर्यंत गढूळ झालं नाही तर टाकणार हं," ती बजावते.

सकाळपर्यंत. नळी वितळताना माझी बरीच भावंडं फुटली, माझ्याही पटलाला दोन ठिकाणी चिरा आहेत. दोन खिडक्या निखळल्यात. काही तासांत मला एवढं वाढायचंय की बाटली दुधाळ व्हावी, म्हणजे उद्या प्लेटवर मावशीला ती बारकी पोरं पुन्हा दिसतील. ती त्यांना विसरली नसेल. तिला आठवलं तर ताईपर्यंत निरोप जाईल. माझ्या आतून एकच कल्लोळ उठलाय: पळ, सगळी दारं उघड, सगळे कारखाने एकदम चालू कर.

नाही करणार. तुम्हीही असं करू नका, एवढंच सांगायचं होतं.

ऊब आतपर्यंत पोचतेय. वाटाड्या जरासा हललाय. तीन वर्षं दारात अडकलेला तो अर्धा धागा एक वीतभर, माझ्या मापाची वीत, पुढे सरकला. दार कडेने किलकिलं झालं. तुकडा तेलात उतरला, सुईणीने त्याला धरलं.

बसला. आता दुसरा घेतो.